खोल्या नंतर, पाळी आधी: रतनगड–हरिश्चंद्रगड वाटेवरच्या घरगुती मुक्कामांविषयी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमची वाडी रतनगड ते हरिश्चंद्रगड या वाटेवर आहे. कात्राबाईची खिंड उतरून आलेली मंडळी कुमशेतच्या बाजूला रात्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी पाचनईकडे निघतात. आजवर वाडीतली दोनच घरं त्यांना जेवू घालत होती. आता आणखी सात घरांना हे काम करायचं आहे. बचत गटात थोडे पैसे आहेत, आणि कर्ज काढून चार पक्क्या खोल्या बांधाव्यात असं काही जणींचं म्हणणं आहे. दर किती ठेवायचा, खोल्या बांधायच्या का, आणि चाळीस उंबऱ्यांच्या वाडीला यातून काय मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

डोंगरातल्या वाड्यांमध्ये बचत गटांच्या बायकांबरोबर हेच काम मी बरीच वर्षं करते आहे, म्हणून स्पष्ट सांगते. या वर्षी खोल्या बांधू नका. आधी पाहुणे कुणाकडे जाणार आणि पैसा कुठे कुठे जाणार, हे कागदावर ठरवा. ते ठरल्याशिवाय विटेला हात लावू नका.

पाहुण्यांवरून वाडी कशी फुटते ते मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय, आणि सगळीकडे क्रम तोच असतो. वाट ज्या घरापाशी उतरते, किंवा ज्या घरातला मुलगा राजूरला जीप चालवतो, त्या घराला पाहुणे मिळतात. शेजारचं घर वर्षभर बघत राहतं आणि मग तेही पाटी लावतं. पहिलं घर दीडशेला ताट देत असेल तर दुसरं एकशेवीसला देतं. पुण्या-मुंबईचा बस घेऊन येणारा आयोजक हे लगेच ओळखतो आणि दोघांनाही शंभरावर आणतो. तिसऱ्या वर्षी दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं असतं, आणि त्या दरात कुणाच्याच हाती काही उरत नाही. यात कुणाचा स्वभाव वाईट असतो असं नाही. नियम नसला की असंच होतं.

म्हणून पाळी लावा, म्हणजे पाहुणे ठरलेल्या क्रमाने एकेका घरी पाठवा. लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात, रुंबक आणि मारखा खोऱ्यातल्या गावांत हे चांगलं रुजलं. तिथे हिमबिबटे आणि लांडगे गोठ्यात शिरून शेळ्या-मेंढ्या मारायचे, आणि चिडलेले मेंढपाळ त्यांना मारायचे. हिमबिबट्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने गावकऱ्यांशी बोलून २००२ च्या सुमारास घरात पाहुणे ठेवण्याची सोय सुरू केली. जिवंत हिमबिबट्यापासूनही घराला चार पैसे मिळावेत, हा त्यामागचा विचार. पाहुणे पाळीने घरोघरी जाणार, दर सगळीकडे एकच, आणि उत्पन्नातला दहावा हिस्सा गावाच्या निधीत. पाहुणा घरातल्याच स्वयंपाकघरात बसून घरचंच जेवतो. ज्यांच्याकडे खोली नव्हती अशा बायकांनी वाटेत लष्कराच्या जुन्या पॅराशूटच्या कापडाचे तंबू टाकून चहा-नाश्ता आणि पिण्याचं पाणी विकायला सुरुवात केली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पाहुणा घरी ठेवता येत नाही अशी घरं प्रत्येक गावात असतात.

पाळी ऐकायला सोपी वाटते, लिहायला बसलं की प्रश्न सुटेनासे होतात. म्हणून काही गोष्टी आत्ताच ठरवून टाका. एका घरात एका रात्री सहापेक्षा जास्त पाहुणे नकोत. सातवा आला की पुढचं घर. पाळी गटांवर मोजू नका, माणसांवर मोजा. नाहीतर एका घराला दोन पोरं येतात, दुसऱ्याला सहा, आणि वहीत दोघांची एकेक पाळी भरते. महिनाअखेरीला बेरीज करा, आणि ज्या घराची माणसं कमी भरली असतील त्या घरापासून पुढचा महिना सुरू करा. कुणी म्हणालं, "गेल्या वेळी ज्या मावशींकडे जेवलो त्यांच्याकडेच जायचंय," तर खुशाल जाऊ द्या, पण ती माणसं त्या घराच्या नावावर चढवा. सुतक, बाळंतपण, आजारपण असेल तर पाळी पुढे सरकेल, बुडणार नाही. घरातल्या कुणी दारू पिऊन पाहुण्यांसमोर गोंधळ घातला तर त्या घराची एक फेरी बाद. हे वाक्य लिहायला सगळ्यांना अवघड जातं, पण लिहा. चाळीस जणांची बस आली तर स्वयंपाक एकत्र करायचा, झोपायला घरोघरी पाठवायचं.

फोनही एकच हवा. तुम्ही लिहिलंय की रेंज टेकाडावर जाऊनच मिळते. मग रोज संध्याकाळी टेकाडावर जाऊन निरोप घेणारी एक व्यक्ती नेमा, तिला दर पाहुण्यामागे ठरावीक रक्कम द्या, आणि दर चार महिन्यांनी माणूस बदला. फोन ज्याच्या हातात राहतो त्याच्या हातात हळूहळू सगळंच जातं.

आता दर. बहुतेक ठिकाणी शेजारच्या गावात काय घेतात ते बघून दर लावतात, त्यात बाईच्या श्रमाचा हिशोबच होत नाही. उदाहरणादाखल एक मांडणी देते. आकडे तुमच्या बाजारभावाने बदला. एका पाहुण्याचा रात्रीचा मुक्काम, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचा चहा मिळून ७०० रुपये धरा. शिधा १८०, गॅस-सरपण ४०, पांघरुणं धुणं ३०, गाद्या-भांड्यांची झीज ५०, वाडीच्या निधीला दहावा हिस्सा म्हणजे ७०. हे झाले ३७०. उरले ३३०. सहा पाहुणे असतील तर १,९८० रुपये, आणि त्यासाठी दोन बायका दुपारपासून रात्री दहापर्यंत आणि पुन्हा पहाटेपासून राबतात. आता हेच ५०० ला दिलं तर काय होईल बघा. निधीचे ५० धरून खर्च ३५० होतो आणि हातात १५० राहतात. म्हणजे दर दोनशेने उतरला की कमाई निम्म्याहूनही खाली येते. शिधा, गॅस, धुणं यांचा खर्च काही कमी होत नाही, सगळी घट मजुरीत येते. सवलत मागणाऱ्याला हा हिशोब सरळ दाखवा. बरेच लोक समजून घेतात.

सवलत द्यायचीच असेल, शाळेच्या मुलांना वगैरे, तर ती नऊ घरांनी मिळून केलेल्या समितीने द्यावी, कुठल्याही एका घराने नाही. नेपाळमध्ये अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं काम १९८६ मध्ये घांद्रुकपासून सुरू झालं. तिथे लॉजवाल्यांच्या समित्या झाल्या, आणि त्या त्या भागात सगळ्या लॉजमध्ये पदार्थांची यादी आणि दर एकच ठेवले गेले. ट्रेकर दाराशी उभा राहून घासाघीस करू शकत नाही, कारण पलीकडच्या दारातही तोच कागद लावलेला असतो. तुमच्या नऊही घरांत एकच छापील दरपत्रक भिंतीला असू द्या.

आयोजकांविषयी. त्यांच्याशिवाय तुमचं चालणार नाही, शनिवार-रविवारची गर्दी तेच आणतात, आणि त्यातले पुष्कळ जण वाडीशी जिव्हाळ्याने वागतात. पण निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय शिधा भरू नका. तीस ताटांचा निरोप येतो, भाकऱ्या थापून होतात, आणि पाऊस जास्त आहे म्हणून बस घोटीवरूनच परत फिरते. तो तोटा आजवर बायकांनीच सोसलाय. "पुढच्या वेळी एकदम देतो" ही उधारीही बंद करा. आयोजकाने एखाद्या घराला खास आपलं म्हणून धरलं आणि गाद्या-भांडी भेट दिली, तर ती वाडीच्या नावाने घ्या.

आता मुख्य भागाकडे येते. तुमची नऊ घरं पाहुणे ठेवणार. उरलेल्या एकतीस घरांचं काय? बहुतेक गावांत या प्रश्नाला "निधीतून मंदिराला रंग देऊ" एवढंच उत्तर मिळतं. त्याने भागत नाही. या घरांना पाहुण्यांच्या पैशातला वाटा कामातून आणि मालातून मिळाला पाहिजे. मी असा नियम सुचवेन की तांदूळ, नागली, वरई, खुरासणी, अंडी, दूध हे सगळं पाहुणे न ठेवणाऱ्या घरांकडूनच घ्यायचं, आणि राजूरच्या बाजारभावापेक्षा थोडं जास्त देऊन. वाटाड्या आणि सामान उचलणारी मुलं त्या घरांतली. पत्रावळ्या त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून. असं केलं की पाहुणा आला याचा आनंद पाहुणे नसलेल्या घरालाही होतो, आणि आपल्या बांधावरून परकी माणसं जाताना त्या घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत.

यासाठी ताटात तुमचंच अन्न असायला हवं. पनीर आणि नूडल्स करायला लागलात तर निम्मा पैसा राजूरच्या दुकानात जाईल. नागलीची भाकरी, काळभात किंवा रायभोगचा भात, हुलग्याची पिठी, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात करटुली आणि चाईचा मोहर, हे शहरात मिळत नाही. तुमच्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बियाणं जपलं, त्यासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या तालुक्यातून हे काम उभं राहिलं त्या तालुक्यात पाहुण्याला पॉलिश केलेला बाजारचा तांदूळ वाढला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. जुना भात लावणाऱ्या घराला पाहुण्यांमुळे गिऱ्हाईक मिळालं तर तो पुढच्या वर्षीही लावला जाईल.

पैसा कुणाच्या हातात पडतो तेही बघा. राबते बाई, आणि रक्कम जाते दिराच्या मोबाईलवर, हे मी फार ठिकाणी पाहते. ज्या घरी पाहुणे होते त्या घरातल्या बाईच्याच खात्यावर पैसे गेले पाहिजेत, हा गटाचा ठराव करा. आठवड्यातून एकदा वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. सगळ्यांनी ऐकलेल्या हिशोबावर मागाहून कुजबुज होत नाही.

शेतीचा हंगाम आधी, पाहुणे नंतर. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते, आणि गर्दीही नेमकी तेव्हाच. आवणीच्या आठवड्यांत तीनच घरांनी पाहुणे घ्यावेत, किंवा घेऊच नयेत. पाहुण्यासाठी खाचर मागे राहिलं तर वर्षाचं भात जातं, आणि पाहुण्यांचा पैसा काही वर्षाचं धान्य भरत नाही. तुमच्या वाटेचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी आहे. भात झोडून झालेला असतो, आकाश मोकळं असतं, आणि दोन-तीन दिवस चालणारी शहाणी मंडळी तेव्हाच येतात. याच काळात वाडीतली घरं कुलपं लावून नारायणगाव-जुन्नरकडे मजुरीला जातात. या कामामुळे चार-पाच बायकांचं ते जाणं टळलं आणि पोरांची शाळा सुटली नाही, तर त्याला मी यश म्हणेन. निधी किती जमला हे मी त्यानंतर विचारेन.

मे-जूनच्या काजव्यांच्या गर्दीच्या मात्र मागे लागू नका. भंडारदऱ्याच्या बाजूला त्या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात, आणि दिव्यांच्या झोतात काजवे दिसेनासे होतात. शिवाय त्याच महिन्यांत तुमची विहीर तळाला गेलेली असते. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. कातळात पाणी थांबतच नाही. विहिरीच्या आतल्या बाजूला रंगाने एक रेघ ओढा. पाणी रेघेखाली गेलं की पाहुणे बंद, कुणी कितीही पैसे देवो. मुक्कामाला एकच रात्र थांबणाऱ्याला आंघोळीचं गरम पाणी द्यायचीही गरज नाही. पाणी आणि सरपण दोन्ही वाचेल. भाकरी चुलीवर होऊ द्या, बाकीचं गॅसवर. अभयारण्यातून आणलेल्या प्रत्येक मोळीचा प्रश्न उद्या वनखातं तुम्हालाच विचारणार आहे.

गटाकडे जी रक्कम आहे त्यातून मी आधी संडास बांधेन. घरोघरी नव्हे, वाडीच्या दोन टोकांना दोन दोन, बायकांचे वेगळे, आतून कडी असलेले, पाण्याची टाकी आणि दिवा असलेले. मुलींचे गट मुक्काम ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारतात. लडाखमध्ये कोरडे संडास चालतात, माती-राख टाकून खत होतं. आपल्या पावसात ते चालणार नाहीत. दोन शोषखड्ड्यांचे बांधा: एक भरला की तोंड बंद करून दुसरा सुरू करायचा, बंद खड्ड्यातलं किमान वर्षभराने खत म्हणून काढायचं. खड्डे विहिरी-झऱ्यापासून पंधरा मीटरच्या आत नकोतच, कातळाला भेगा असतील तर आणखी लांब, आणि नेहमी पाण्याच्या उताराखाली. खड्ड्यांचं तोंड जमिनीपासून वर उचललेलं हवं, नाहीतर जुलैत पावसाचं पाणी आत शिरेल.

खोल्यांबद्दल. कर्ज मिळणं सोपं झालंय, हे खरं. राज्य सरकारच्या २०२३ च्या "आई" धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळण्याची सोय आहे. पण मुद्दल तुम्हालाच फेडायचं आहे, आणि पाहुणे आठवड्यातून दोनच रात्री येतात. स्लॅबची खोली उन्हाळ्यात तापते, पावसात गळते, आणि चार खोल्या ज्या जागेत उभ्या राहतील त्या जागेचा मालक आपोआप सगळ्यांचा मालक होतो. त्याऐवजी प्रत्येक घरातली पडवी नीट करा. भिंतीची पोपडी काढून सारवण, कौलं चाळणं, एका बाजूला आतून बंद होणारं दार, सहा गाद्या, धुता येतील अशा खोळी, स्वच्छ गोधड्या. पाहुणा घरात राहायला आलाय. त्याला हॉटेलची खोली हवी असती तर तो भंडारदऱ्यालाच थांबला असता. दोन हंगाम वही बघा. डिसेंबरच्या शनिवारी माणसं परत पाठवावी लागली असं वहीत दिसलं, तर मग एका खोलीचा विचार करू.

रस्त्याचाही विचार करा. मारखा खोऱ्यात जीपचा रस्ता जसजसा आत सरकला तसतसे चालण्याचे टप्पे गळत गेले, आणि वाटेवरच्या काही गावांतून माणसं न थांबताच जाऊ लागली. कर्जाने बांधलेली खोली उचलून पुढच्या टप्प्यावर नेता येत नाही.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी. कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे, म्हणून वनजमिनीवर तंबू किंवा शेड काही टाकू नका; जे करायचं ते गावठाणात, स्वतःच्या घरात, आणि ग्रामसभेचा ठराव करून. परिस्थितिकीय विकास समितीला (वनखात्याबरोबर काम करणारी गावकऱ्यांची समिती) पहिल्यापासून बरोबर घ्या, कारण वाटेवरचं प्रवेशशुल्क आणि कचऱ्याचं काम तिच्याकडे येतं. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. पाहुणे वाढले की शहरातला कुणीतरी "भागीदारीत रिसॉर्ट काढू, जमीन तुमची, पैसा माझा" म्हणत येतो. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला विकणंच नव्हे, भाडेपट्ट्याने किंवा गहाण देणंसुद्धा जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही. साध्या स्टॅम्पपेपरवर अंगठे घेतले जातात आणि नंतर भांडत बसावं लागतं. कुणीही कागद आणला तरी ग्रामसभेत वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे घराघरांत सांगून ठेवा.

निधीतली पहिली खरेदी मी स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराच्या पेटीची करेन. कात्राबाईच्या खिंडीत धुकं उतरलं की सरावाची माणसंही वाट चुकतात, म्हणून पावसाळ्यात वाटाड्याशिवाय गट पुढे सोडायचा नाही. सर्पदंश झाला तर जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात विषावरचं इंजेक्शन आहे, हे दर हंगामाच्या सुरुवातीला स्वतः जाऊन विचारून या. ते इंजेक्शन वाडीतल्या माणसांनाही लागतंच.

राहिली ती दोन जुनी घरं. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक भाग आहे. वाटेवर काहीच नव्हतं तेव्हा त्यांनीच चूल पेटती ठेवली, आणि "अमुक मावशींकडे चांगलं जेवण मिळतं" ही कीर्ती त्यांच्याच हातांची आहे. त्यांना पाळीत नव्यांच्या बरोबरीने बसायला सांगितलं तर ती दुखावतील, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्यापुढे असं ठेवून बघा: पहिली दोन वर्षं त्यांच्या नावाने, त्यांच्याच ओळखीने येणारे गट त्यांचेच राहतील, सहाची मर्यादाही त्यांना लागू नाही, फक्त दर सगळ्यांचा तोच आणि निधीचा दहावा हिस्सा त्यांच्याकडूनही. नवी घरं भाकरी-भाजीची चव आणि पाहुण्यांची उठबस त्यांच्याकडूनच शिकतील, आणि त्या शिकवण्याचे पैसे गट त्यांना देईल. हे बोलायला तरुण मुलांना पाठवू नका. गटातल्या वयाने मोठ्या दोघीजणींनी, दिवसाउजेडी, त्यांच्याच ओसरीवर बसून बोलावं. त्यांचा होकार आला की पाळीचा कच्चा कागद करून मला पाठवा, मी वाचून त्यात काय राहिलंय ते कळवते.